रक्तातून गेलेला हुकूम : अर्नेस्ट स्टार्लिंग

मेसमध्ये गरम भाजीचे पातेले उघडले की आपल्या तोंडाला पाणी सुटते. डोळे पाहतात, नाकाला वास येतो आणि मेंदू लाळग्रंथींना हुकूम पाठवतो. हा हुकूम मज्जातंतूंच्या तारांवरून जातो. पण घास जठरातून पुढे आतड्यात उतरल्यावर काय होते? तिथे ना डोळे पोहोचतात, ना नाक. तरीही जठरामागे आडवे असलेले स्वादुपिंड नेमके त्याच वेळी आपला पाचक रस सोडू लागते. अन्न येऊन पोहोचले, हे त्याला कोण सांगते?

या प्रश्नाचे उत्तर १९०२ साली लंडनमध्ये दोघा शास्त्रज्ञांनी शोधले. त्यांतले एक अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंग आणि दुसरे त्यांचे मेहुणे विल्यम बेलिस. जीवशास्त्राच्या पुस्तकात स्टार्लिंग यांचे नाव एखाद्या ओळीत येऊन जाते. पण पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्कराचा गणवेशही घातला होता, आणि हुद्द्यापेक्षा वस्तुस्थितीला मान देण्याची सवय त्यांनी प्रयोगशाळेत आणि सैन्यात सारखीच पाळली. म्हणून त्यांची हकीकत आपल्या अंकात सांगावीशी वाटली.

स्टार्लिंग यांचा जन्म १७ एप्रिल १८६६ रोजी लंडनमध्ये झाला. त्यांच्या घराचा आपल्या मुंबईशी जवळचा संबंध होता. वडील मॅथ्यू हेन्री स्टार्लिंग हे बॅरिस्टर. ते मुंबईत क्लार्क ऑफ द क्राउन या सरकारी पदावर होते. कुटुंब इंग्लंडमध्ये आणि वडील समुद्रापलीकडे, असे ते घर होते. सुट्टी मिळेल तेव्हा, काही वर्षांच्या अंतराने, वडील घरी येत. मुलांना वाढवण्याचा भार आईवर पडला. वडिलांची बदली दूर आणि घर आईच्या हाती, हे चित्र आपल्यापैकी अनेक कॅडेटना परके वाटणार नाही. अर्नेस्ट हा भावंडांत थोरला.

वयाच्या सोळाव्या वर्षी, १८८२ मध्ये, तो लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाला. अभ्यासात हुशार होता, पण फक्त रोगी तपासून त्याचे समाधान होईना. शरीर बिघडते कसे यापेक्षा ते चालते कसे, याची त्याला अधिक ओढ होती. त्या काळी शरीरक्रियाशास्त्राची पंढरी म्हणजे जर्मनी. विद्यार्थी असतानाच स्टार्लिंग हायडेलबर्गला विल्हेल्म कूने यांच्या प्रयोगशाळेत जाऊन राहिले. हे कूने म्हणजे स्वादुपिंडातील ट्रिप्सिन या विकराला नाव देणारे शास्त्रज्ञ. पुढे १८९२ मध्ये ब्रेस्लाऊला हायडेनहाइन यांच्याकडेही त्यांनी काम केले. इंग्लंडला परतताना त्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही मानायचे नाही, प्रयोगाने दाखवले तर मानायचे. पुढे लसिकेच्या प्रश्नावर त्यांनी खुद्द हायडेनहाइन यांचे मत प्रयोगांनी खोडून काढले.

बेलिस यांच्याशी त्यांची जोडी याच सुमारास जमली. दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. बेलिस श्रीमंत कारखानदाराचे चिरंजीव. शांत, मितभाषी, पुस्तकात रमणारे, हातातले काम सावकाश आणि नेटके करणारे. स्टार्लिंग उतावळे, बोलघेवडे, मनातले तोंडावर बोलून टाकणारे. १८९३ मध्ये बेलिस यांचा विवाह स्टार्लिंग यांच्या बहिणीशी, गर्ट्रूडशी झाला आणि प्रयोगशाळेतले नाते घरचे झाले. १८९९ मध्ये स्टार्लिंग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. बेलिस तिथेच होते. दोघांनी मिळून आतड्याच्या हालचालींवर काम सुरू केले आणि त्यातून ते स्वादुपिंडापर्यंत येऊन पोहोचले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या काळी पचनशास्त्रात सर्वांत मोठे नाव होते रशियाच्या इव्हान पाव्हलोव्ह यांचे. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा व्हेगस हा मज्जातंतू चेतवला की स्वादुपिंड रस सोडते, हे त्यांच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले होते. जठरातील आम्ल लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पोहोचले की रस वाहू लागतो, हेही त्यांना ठाऊक होते. यावरून निष्कर्ष सरळ दिसत होता. आम्लाची खबर मज्जातंतू वर नेतात आणि हुकूमही मज्जातंतूच खाली आणतात. पुढे काही संशोधकांनी व्हेगस कापला, तरी रस येतच राहिला. पण खबर फक्त तारेनेच जाते हा समज इतका पक्का होता, की त्यांनी जवळपासच्या मज्जातंतूंच्या गाठींतून हुकूम जात असावा असे ठरवून टाकले.

१६ जानेवारी १९०२. युनिव्हर्सिटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत भूल दिलेल्या कुत्र्यावर प्रयोग चालू होता. चार्ल्स मार्टिन नावाचे शास्त्रज्ञ त्या दिवशी पाहायला हजर होते. बेलिस आणि स्टार्लिंग यांनी लहान आतड्याचा एक वेढा दोन्ही टोकांना बांधून वेगळा केला. त्याकडे जाणारा प्रत्येक मज्जातंतू कापला. फक्त रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. तारा तोडल्या आणि रस्ता मोकळा ठेवला, असे म्हणा ना. मग त्या वेढ्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सोडले. हुकूम मज्जातंतूनेच जात असेल, तर आता काहीच व्हायला नको होते. पण दोनएक मिनिटांत स्वादुपिंडाच्या नळीतून रसाचे थेंब पडू लागले.

तार नसताना खबर गेली, याचा अर्थ ती रक्तातून गेली. मग आम्लच रक्तात शिरून स्वादुपिंडापर्यंत जात असेल का? नाही, कारण आम्ल थेट रक्तात सोडले तर रस येत नाही, हे आधीच्या प्रयोगांतून माहीत होते. म्हणजे आम्ल लागल्यावर आतड्याचे अस्तर स्वतःच काहीतरी तयार करत असले पाहिजे. स्टार्लिंग यांनी तिथल्या तिथे आतड्याचे अस्तर खरवडून काढले, वाळू आणि आम्ल घालून खलात घोटले, गाळले आणि तो अर्क त्याच प्राण्याच्या शिरेत टोचला. क्षणभर काही झाले नाही. मग रस वाहू लागला, आणि तो आधीपेक्षाही जोराने. आतड्याने पाठवलेला तो निरोप्या त्यांच्या हाती लागला होता. त्याला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले.

एका दुपारी झालेले हे काम. पण त्यातून शरीराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. शरीरात दोन दळणवळण यंत्रणा आहेत. एक टेलिफोनची, म्हणजे मज्जातंतूंची. वेगवान आणि ठरलेल्या ठिकाणी जाणारी. दुसरी हरकाऱ्याची, रक्तात सोडलेला निरोप्या सर्व शरीरभर फिरतो, पण त्याचे पत्र फक्त ज्याला वाचता येते तोच अवयव कामाला लागतो. १९०५ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे दिलेल्या व्याख्यानांत स्टार्लिंग यांनी अशा निरोप्यांसाठी हॉर्मोन हा शब्द वापरला. चेतवणे, उठवून कामाला लावणे, या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो घेतला आहे. मराठीत आपण संप्रेरक म्हणतो, तोही त्याच अर्थाचा. इन्सुलिन, थायरॉइडचे संप्रेरक, वाढीचे संप्रेरक या सगळ्यांना एका रांगेत उभे करणारा हा शब्द जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे.

ज्यांच्या घरी गाई-म्हशी आहेत, त्यांना हीच यंत्रणा गोठ्यात पाहता येते. नवजात वासराच्या पोटाचे चार कप्पे असतात, पण रवंथ करणारा मोठा पहिला कप्पा तेव्हा लहान आणि निरुद्योगी असतो. वासरू आचळाला लागले की अन्ननलिकेच्या टोकाशी एक पन्हळ मिटून नळी तयार होते आणि चीक किंवा दूध सरळ चौथ्या कप्प्यात उतरते. तिथे दूध विरजल्यासारखे घट्ट होते. मग त्यातले निवळ पाणी लवकर आणि गोळा हळूहळू, आम्लासह, आतड्यात सरकतो. आम्ल आतड्याच्या अस्तराला लागताच सिक्रेटिन रक्तात उतरते आणि स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त पातळ रस सोडून ते आम्ल मारते. दुधातील स्निग्धांश आणि प्रथिने पोहोचली की कोलेसिस्टोकायनिन नावाचे दुसरे संप्रेरक निघते आणि ते पचवणारी विकरे मागवते. दोन निरोपे, दोन कामे.

गोऱ्ह्याचे किंवा कालवडीचे स्वादुपिंड पहिल्या आठवड्यांत दुधासाठी सज्ज असते, पिठासाठी नव्हे. पिष्ट पचवणारे अमायलेज त्यात सुरुवातीला फार कमी असते आणि वयाबरोबर वाढत जाते. म्हणून दूध वाचवायला कोवळ्या वासराला पिठाची पेज पाजली, तर त्याला हगवण लागते. कोणती कुमक कधी तयार होते हे न पाहता मोहीम काढली तर काय होते, याचे हे घरगुती उदाहरण.

मग पाव्हलोव्ह चुकले होते का? नंतरच्या संशोधनाने दोघांनाही त्यांचा वाटा दिला. वासरांवरच्या प्रयोगांत व्हेगस तात्पुरता थंड करून बंद पाडला, तर स्वादुपिंडाचा रस कमी होतो असे दिसले आहे. तार आणि हरकारा एकमेकांच्या मदतीने काम करतात. पण १९०२ मध्ये हे कोणाला ठाऊक नव्हते. लंडनची बातमी रशियात पोहोचली, तेव्हा पाव्हलोव्ह यांच्या सगळ्या बांधणीला धक्का बसला. त्यांच्या एका शिष्याने पुढे सांगितलेली हकीकत अशी, की पाव्हलोव्ह यांनी आपल्याच प्रयोगशाळेत तो प्रयोग करवून घेतला, सर्वांसमवेत मुकाट्याने पाहिला आणि आपल्या खोलीत निघून गेले. अर्ध्या तासाने बाहेर येऊन त्यांनी लंडनवाल्यांचे बरोबर असल्याचे कबूल केले. सत्य शोधण्याचा मक्ता काही एकट्या आपल्याकडे नाही, असेही ते म्हणाले. १९०४ मध्ये पचनावरील कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मोठेपणात त्या अर्ध्या तासाचाही वाटा आहे.

स्टार्लिंग यांची स्वतःची परीक्षा लवकरच आली. डिसेंबर १९०२ मध्ये त्यांनी एका तपकिरी कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधली होती. फेब्रुवारी १९०३ मध्ये त्याचे पोट उघडून परिणाम पाहिला आणि मग तोच कुत्रा बेलिस यांनी विद्यार्थ्यांपुढील दुसऱ्या प्रात्यक्षिकासाठी वापरला. वर्गात बसलेल्या दोन स्वीडिश तरुणींनी लिहिले, की त्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती. प्रकरण वर्तमानपत्रांत गेले. बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये तो जिंकला. भरपाईचे २,००० पौंड त्यांनी कॉलेजच्या संशोधनाला देऊन टाकले. न्यायालयाने भुलीबाबत शास्त्रज्ञांची बाजू मानली. पण एकच प्राणी दोनदा वापरणे कायद्यात बसत नव्हते, हे स्टार्लिंग यांनी साक्षीत स्वतः कबूल केले. दुसरा कुत्रा मारावा लागू नये म्हणून तसे केल्याचे त्यांनी सांगितले.

ही गोष्ट झाकून ठेवण्यासारखी नाही. आज मधुमेही माणूस इन्सुलिनची सुई घेतो, त्यामागे अशा मुक्या प्राण्यांचे जीव आहेत. तो कुत्रा आणि त्याच्यासाठी भांडणाऱ्या त्या तरुणी यांच्यामुळेही पुढच्या काळात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम कडक व्हायला बळ मिळाले. ज्ञानाची किंमत कोणीतरी मोजत असतो, हे प्रयोग करणाऱ्याने विसरता कामा नये.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. स्टार्लिंग तेव्हा ४८ वर्षांचे होते. हृदयात जितके अधिक रक्त भरते, तितक्या जोराने ते पुढच्या ठोक्याला आकुंचन पावते, हा आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम त्याच सुमारास ते मांडत होते. ते काम बाजूला ठेवून ते आर्मी मेडिकल कोअरमध्ये भरती झाले. २२ एप्रिल १९१५ रोजी ईप्रच्या आघाडीवर जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला आणि खंदकातले सैनिक गुदमरून मेले. त्यानंतर लंडनमधील मिलबँकच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात विषारी वायूपासून बचावाचे संशोधन स्टार्लिंग यांच्याकडे आले. ते लेफ्टनंट कर्नल झाले.

इथे त्यांचा स्वभाव आडवा आला. सैनिकांना चांगले मुखवटे मिळायला होणारा उशीर त्यांना सहन होईना. शास्त्र न जाणणारे अधिकारी शास्त्राचे निर्णय घेतात, हे ते मोठ्याने बोलत. त्यांची तळमळ खरी होती, बोलण्याची रीत मात्र वरिष्ठांना दुखावणारी होती. १९१६ मध्ये त्यांना सॅलोनिकाच्या आघाडीवर पाठवण्यात आले आणि १९१७ मध्ये त्यांनी गणवेश उतरवला. शिस्त पाळणाऱ्या संस्थेत सत्य सांगायचे तर ते कोणत्या शब्दांत आणि कोणत्या वेळी, हेही शिकावे लागते. स्टार्लिंग यांना ते कधी फारसे जमले नाही. पण समोर जवान मरत असताना गप्प बसणेही त्यांना जमले नाही, आणि या दोन उणिवांमध्ये कोणती पत्करावी हे प्रत्येकाने आपल्याशी ठरवायचे आहे.

त्यांच्या एका जुन्या शोधाने मात्र आघाडीवर थेट काम केले. रक्ताचा दाब पाणी केशवाहिन्यांबाहेर ढकलतो आणि रक्तातील प्रथिने ते आत ओढून धरतात, हे स्टार्लिंग यांनी १८९६ मध्येच दाखवले होते. नुसते मिठाचे पाणी शिरेत दिले तर ते टिकत नाही, त्याचे कारण हेच. बेलिस यांनी या तत्त्वावर मिठाच्या पाण्यात बाभूळवर्गीय झाडाचा डिंक मिसळून रक्तस्रावाने कोसळलेल्या जखमींना दिला.

स्टार्लिंग यांचे पुढचे काम शिधावाटपाचे होते. पाणबुड्यांनी ब्रिटनची धान्याची जहाजे बुडवायला सुरुवात केली होती. रॉयल सोसायटीच्या अन्नसमितीचे ते अध्यक्ष झाले आणि सरकारला सल्ला देऊ लागले. त्या शास्त्रज्ञांचे मत होते, की साखर, मांस, लोणी यांवर बंधन घाला, पण पावावर नको; कष्टकरी माणूस पोट भरतो ते पावानेच. त्या युद्धात ब्रिटनमध्ये पावाचे रेशनिंग झाले नाही. दोस्त राष्ट्रांच्या ज्या वैज्ञानिक अन्न आयोगाने काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,३०० कॅलरी लागतात असे ठरवले, त्यातही ते ब्रिटनचे प्रतिनिधी होते. युद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, ते जर्मनीत गेले आणि नाकेबंदीने उपाशी पडलेल्या जनतेची स्थिती पाहून त्यांनी सरकारला अहवाल दिला. ज्या देशाने त्यांना शास्त्र शिकवले, ज्या देशाविरुद्ध त्यांनी मुखवटे तपासले, त्याच देशाच्या मुलांची भूक त्यांनी नोंदवली.

१९२० मध्ये कर्करोगामुळे त्यांच्या मोठ्या आतड्याचा बराच भाग शस्त्रक्रियेने काढावा लागला. ज्या अवयवांवर आयुष्य घालवले, तेच उलटले. तरीही ते पुन्हा प्रयोगशाळेत उभे राहिले आणि मूत्रपिंडाच्या कार्यावर नवे काम केले. १९२४ मध्ये बेलिस गेले. बेलिस यांना १९२२ मध्ये सर ही पदवी मिळाली होती. स्टार्लिंग यांना ती मिळाली नाही. संप्रेरकांची कल्पना देणाऱ्या या जोडीला नोबेल पारितोषिकही मिळाले नाही.

१९२७ च्या वसंतात प्रकृतीला आराम पडावा म्हणून ते एकटेच वेस्ट इंडीजच्या सागरी प्रवासाला निघाले. २ मे रोजी बोट जमैकातील किंग्स्टन बंदरात पोहोचली तेव्हा त्यांचा मृत्यू झाला. ती तारीख बेलिस यांच्या जन्माची होती. जमैकातच त्यांचे दफन झाले. मुंबईत नोकरी करणाऱ्या बापाचा हा मुलगा घरापासून तितक्याच दूर, समुद्रापलीकडे, विसावला.

कॅडेट मित्रांनो, आज रात्री मेसमध्ये दुसरी चपाती संपवून तुम्ही उठाल, तेव्हा तुमच्या नकळत हा हुकूम रक्तातून निघालेला असेल. तो कोणी पाठवला हे शोधणाऱ्या माणसाने एवढेच केले, की सगळे म्हणत होते ते एकदा तारा कापून पाहिले. आणि ज्यांचे मत खोटे ठरले त्या पाव्हलोव्ह यांनी तोच प्रयोग आपल्या घरात करून पाहिला आणि हार मानली. पुढे तुम्ही अधिकारी व्हाल. कधी तुम्हाला स्टार्लिंग यांच्या जागी उभे राहून वरिष्ठाला नको असलेली खबर द्यावी लागेल. कधी तुम्ही पाव्हलोव्ह यांच्या जागी असाल आणि एखादा कनिष्ठ तुमच्या योजनेतली चूक पुराव्यानिशी दाखवील. दुसरा प्रसंग पहिल्यापेक्षा अवघड असतो. त्या वेळी तो अर्धा तास आठवावा.